गावडे सांगायचा

सुरतला पूरड्यूटीवर निघायचा हुकूम आला तेव्हा आमची कंपनी फायरिंग रेंजवर होती. संध्याकाळी चारला रायफली कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, जमा झाल्या, सहाला गाड्या लागल्या. १९९०च्या दशकाच्या मधली ही गोष्ट. मी नायक होतो. घर सुरतेतच, लिंबायतला. वडील धुळे जिल्ह्यातून येऊन लूमवर लागलेले. त्यामुळे ‘सुरत’ हा शब्द ऐकल्यावर मी मनातल्या मनात सगळी आखणी करून टाकली. रस्ते माझे, खाड्या माझ्या, गुजराती मला येते, अहिराणी घरची. आमच्या सेक्शनचा हवालदार सुट्टीवर होता. सेक्शन मलाच मिळणार, यात मला शंका नव्हती.

गाड्यांपाशी कंपनी कमांडर मेजर साहेबांनी आम्हा दोघा नायकांना समोर उभं केलं.

“देवरे, तू सुरत का है ना?”

“यस सर.”

“बढिया. तू गाईड. सेक्शन गावडे लेगा.”

गावडे माझ्या शेजारी सावधान उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. मी “यस सर” म्हणालो आणि गाडीत चढलो. माझ्याच गावात मला दुसऱ्याच्या मागे चालायचं होतं.

बाबू गावडे चंदगडकडचा. धनगराचं पोर. वडील तो लहान असतानाच गेलेले, मोठ्या भावाबरोबर मेंढरांमागे हिंडून वाढलेला. आम्ही एकाच बॅचचे, एकाच बराकीतले. पळण्यात मी त्याच्या पुढे होतो, नकाशा वाचण्यात तर फारच पुढे. पण लोक त्याच्याभोवती जमायचे. कारण असं की त्याची नजर सारखी जमिनीवर असायची. सरडे, मुंग्या, बेडूक, खेकडे. चहाच्या सुट्टीत आम्ही बिडी ओढायचो, हा दगड उलटा करून बघत बसायचा. मग सांगायचा. सांगताना शहाणपणा शिकवल्यासारखं कधीच बोलला नाही. “हे असं करतंय बघ,” एवढंच.

राजस्थानात एक्सरसाइजला असताना त्याने आम्हाला सांड्याचं बीळ दाखवलं होतं. सांडा म्हणजे वाळवंटातला जाड शेपटीचा सरडा. ऊन चढलं की तो बिळात शिरून आतून तोंड मातीने बुजवतो आणि ऊन उतरेपर्यंत बाहेर येत नाही. गावडे हवालदाराला म्हणाला, “हा हितलाच राहणारा हाय आन् दुपारचा हलत न्हाई. आपण कशाला हलायचं?” आम्ही दुपारभर खंदकात पडून राहिलो, उन्हं कलल्यावर निघालो. संध्याकाळी बाकीच्या सेक्शनांचं पाणी संपलं होतं, आमच्या बाटल्यांत उरलं होतं. ती हकिगत मेजर साहेबांनी सैनिक संमेलनात सगळ्या कंपनीला सांगितली. त्याच एक्सरसाइजमध्ये कंपासवर संपूर्ण कंपनीला अंधारातून अचूक ठिकाणी मी नेलं होतं. त्याबद्दल कोणी काही बोललं नाही. सांड्याची गोष्ट मात्र लंगरातल्या कुकलाही पाठ झाली.

हेव्यापायी मी त्याचं काही वाकडं केलं नाही, बोललोही नाही. पण हेवा होता. दाढ ठणकावी तसा तो असायचा. दिवसभर काम करताना विसरायला व्हायचा आणि जेवायला बसलं की पुन्हा सुरू.

सुरतेत पोचलो तेव्हा तापीचं पाणी चढलेलं होतं. कतारगामकडच्या सखल गल्ल्यांत बोटी फिरत होत्या. आमचा कॉलम एका शाळेत उतरला. पहिले दोन दिवस आम्ही माणसं काढली, दूध आणि पाण्याचे कॅन पोचवले. गल्ल्या मी दाखवत होतो, हुकूम गावडे देत होता. काम चांगलं चाललं होतं, हेही सांगितलं पाहिजे.

तिसऱ्या दिवशी दुपारी लिंबायतला वाटप होतं. काम आटोपल्यावर गावडे म्हणाला, “देवरे, तुझं घर हितंच न्हवं? अर्धा तास हाय. चल, मावशीला भेटून येऊ.”

आमची खोली वरच्या मजल्यावर होती. खाली गल्लीत गुडघाभर पाणी. मायने मला बघून तोंडावर पदर धरला. अण्णा खाटेवर बसले होते. तीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं आणि त्यामुळे बोलणंही कमी झालेलं. मी सुट्टीवर यायचो तेव्हा सुरुवातीला त्यांना फौजेतलं सांगायचा प्रयत्न करत असे. ते मान हलवायचे आणि मध्येच उठून बिडी आणायला जायचे. मग मी सांगणं सोडून दिलं.

चहा होत होता तेवढ्यात माय ओरडली. खालच्या पाण्यातून एक चिचुंद्री जिन्याने वर आली होती आणि भिंतीच्या कडेने चालली होती. मायने झाडू उचलला.

“थांब, हिले मारीच टाकसू.”

“मावशी, थांबा, थांबा!” गावडे गुडघ्यावर बसला. “एकटी न्हाई ती. मागं बघा.”

चिचुंद्रीच्या मागे तिची चार पिल्लं होती. पहिल्याने आईच्या शेपटीपाशी दातांनी धरलेलं, दुसऱ्याने पहिल्याला, तिसऱ्याने दुसऱ्याला. सगळी मिळून एकच लांब प्राणी चालल्यासारखं दिसत होतं. आई वळली की रांग वळायची, आई थांबली की रांग थांबायची. शेवटचं पिल्लू भिंतीच्या कोपऱ्यावर आपटलं, फरफटलं, पण त्याने तोंड उघडलं नाही.

“डोळ्यानं तिला धड दिसत न्हाई,” गावडे म्हणाला. “पिल्लांना तर न्हाईच. पण म्होरल्याला सोडायचं न्हाई, एवढं त्यास्नी ठावं हाय. उचलून बघितलं तर सगळी माळच वर येती.”

अण्णा खाटेवरून उतरले. त्याच्या शेजारी उकिडवे बसले. “मना कान गयात लूममा,” ते म्हणाले. “जोरमा बोल.”

गावडेने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं पुन्हा सांगितलं. अण्णा हसले. दात दिसेपर्यंत हसले. “देख, देख, कसं चाली ऱ्हायनं!” असं मायला दाखवत राहिले. ती माळ पेटीमागे दिसेनाशी झाली तरी दोघं तिथेच बसून होते. अण्णा त्याला विचारत होते, कोणत्या गावचा, घरी कोण, मेंढरं किती. मला त्यांनी पलटणीचं नावसुद्धा कधी विचारलं नव्हतं.

मी दारात उभा राहून घड्याळ बघत होतो. चहा गार झाला होता. मायने माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं असावं. तिने माझा कप पुन्हा गरम करून आणला.

परत जाताना पाण्यातून चालत गावडे म्हणाला, “तुझं बरं हाय देवरे. घरी गेलं की बाप हाय.”

“हूं,” मी म्हणालो. त्या वेळी मला ते चिडवल्यासारखं वाटलं.

चौथ्या दिवशी सकाळी शहराबाहेरच्या पलसाण्याचा मेसेज आला. शहरातलं पाणी उतरत होतं, पण वरच्या भागात पाऊस झाल्याने तिकडच्या खाड्या उलटल्या होत्या. हायवेच्या कडेच्या एका डाईंग मिलच्या मागे कामगारांची चाळ होती. माणसं पत्र्यांवर अडकली होती. आमचं सेक्शन, एक बोट, एक रेडिओ सेट. बारडोलीकडून दुसरी बोट येणार होती, पण रस्ता तुटल्यामुळे तिची खात्री नव्हती.

मिलच्या आवारातलं पाणी कुठे लाल, कुठे गर्द निळं होतं. रंगाची पिंपं वाहून गेली होती. आम्ही बोट फाटकातून आत घातली आणि लगेच मोटर बंद पडली. पंख्याला कापड गुंडाळलं गेलं होतं. पाण्याखाली साड्यांचे तागेच्या तागे सुटून पसरले होते. दोन जवान पंखा मोकळा करायला लागले. कापड ओलं होऊन दोरासारखं आवळलं होतं, सुरीने कापावं लागत होतं.

तिथून चाळ दिसत होती. मध्ये छातीइतकं पाणी, डाव्या बाजूला गटाराचा नाला, त्याला जोराची ओढ. उजव्या बाजूला कंपाउंडची भिंत, हातभर पाण्यावर. पत्र्यांवर बायका, मुलं, म्हातारी माणसं मिळून पंचवीस-तीस जण असतील. चाळीची मागची भिंत आधीच बसली होती. मोटर सुरू होईपर्यंत थांबणं शक्य नव्हतं.

मी सेटवर होतो.

“अल्फा वन फॉर अल्फा. बोट स्टक. चलके जाना पडेगा. ओव्हर.”

“अल्फा. गावडे क्या बोलता है? ओव्हर.”

गावडे काय म्हणतो. सेट माझ्या हातात होता आणि साहेबांना गावडे हवा होता. मी सेट त्याच्याकडे दिला.

गावडेने पाण्यातून एक साडीचा तागा ओढून काढला आणि ताणून बघितला. तुटत नव्हता. “हातात हात देऊन न्हाई जमायचं,” तो म्हणाला. “ओल्या हातानं हात सुटतो. कमरंला कमर बांधायची. पुढं मी. मागं तू. मधी माणसं.”

आम्ही भिंतीला धरून चाळीपर्यंत गेलो. पत्र्यांवरची माणसं घाबरलेली होती. कोणी उत्तर प्रदेशचं, कोणी ओरिसाचं, काही आमच्या खानदेशातली. पाण्यात उतरायला कोणी तयार नव्हतं. गावडे मोडक्या हिंदीत त्यांना आदल्या दिवशीच्या चिचुंद्रीचं सांगायला लागला. मला वाटलं, ही काय वेळ आहे! पण मुलं ऐकायला लागली, मग आया ऐकायला लागल्या. तो सांगता सांगता त्यांच्या कमरेला कापडाच्या गाठी मारत होता. “आगेवाले को छोडने का नहीं. पीछे देखने का नहीं. बस.”

पहिली माळ आठ माणसांची. मुलं मोठ्यांच्या खांद्यावर. गावडे भिंतीला हात लावून पायाने जमीन चाचपत पुढे, मी सगळ्यांत मागे. मध्येच एक बाई घसरली. तिच्या पुढचा आणि मागचा असे दोघे ताठ झाले, ती वर आली. कोणी सुटलं नाही. बोटीपर्यंत पोचलो. बोटीपासून हायवेवरच्या ट्रकपर्यंत जवान त्यांना दोरीच्या आधाराने नेत होते.

दुसरी माळही तशीच आली.

तिसऱ्या खेपेला गावडे बोटीपाशी एका म्हाताऱ्याला जवानांच्या हाती देत होता म्हणून मी एकटा पुढे गेलो. पत्र्यावर धुळ्याकडची एक म्हातारी होती. मी तिच्याशी अहिराणीत बोललो. तिला बरं वाटलं, पण ती उतरेना. “तो साहेब येवाले दे,” म्हणाली. “त्याच्यासंगे जासू.” मी कमरेला कापड बांधून तिच्यासमोर छातीभर पाण्यात उभा होतो, तिच्या भाषेत बोलत होतो आणि ती माझ्या खांद्यावरून त्याची वाट बघत होती. गावडे आला. म्हातारी गुपचूप उतरली.

या माळेत नऊ जण होते. अर्धं अंतर गेलो असू. गावडे थांबला. हात वर केला. सगळी माळ थांबली.

“काय?” मी मागून ओरडलो.

“भिंतीच्या बुडातनं पाणी फिरतंय.”

आमच्या बाजूला विजेचा एक लोखंडी खांब होता. वीज दोन दिवस बंद होती. गावडेने माळ तिथवर नेली, कमरेची गाठ सोडली आणि कापडाचं टोक खांबाला दोन वेढे देऊन बांधलं.

“गावडे, बांधून जा!” मी ओरडलो.

“मी पडलो तर सगळी वडली जातील. थांब हितंच. म्होरं बघून येतो.”

तो पाच-सहा पावलं गेला असेल. भिंत आवाज न करता वाकली आणि मग एकदम गेली. पलीकडचं पाणी भिंतीएवढ्या रुंदीने आत आलं. खांबाला बांधलेली माळ आडवी झाली. माणसं एकमेकांवर आपटली. म्हातारी माझ्या छातीवर आली, तिला मी एका हाताने धरलं. कापड कमरेत रुतलं, पण एकही गाठ सुटली नाही. पाणी दोन्हीकडे सारखं झाल्यावर ओढ कमी झाली. मी माणसं मोजली. नऊ होती.

समोर गावडे नव्हता.

मी हाका मारल्या. गाठ सोडून त्याच्या मागे जाता येत नव्हतं, माळेच्या शेवटी मीच होतो. जवानांनी तोवर कापड कापून पंखा मोकळा केला होता. मोटर लागली नाही, पण बांबू टेकत टेकत त्यांनी बोट खांबापर्यंत आणली. एकेकाला गाठीसकट वर घेतलं.

सेटवर साहेबांचा आवाज आला.

“अल्फा फॉर अल्फा वन. गावडे को सेट दो. ओव्हर.”

“नाइन सिव्हिलियन सेफ. गावडे मिसिंग. ओव्हर.”



“से अगेन.”

“गावडे मिसिंग, सर.”

पत्र्यांवर उरलेली माणसं आम्ही बोटीने काढली. अंधार पडेपर्यंत शोध घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी उतरल्यावर गावडे खालच्या बाजूला एका उसाच्या फडात सापडला. डोक्याला मागून मार होता. डॉक्टर म्हणाले, बुडण्याआधीच गेला असावा. त्याच्या गणवेशावर लाल-निळ्या रंगाचे डाग होते. ते धुऊन निघाले नाहीत.

मी घरी सांगायला गेलो. माय रडली. अण्णांच्या कानाशी मी दोनदा ओरडून सांगितलं, की गाठ सोडून पुढे गेला आणि वाहून गेला.  ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले. लूम पुन्हा सुरू झाले त्या दिवशी ते पाळीवर गेले नाहीत. मी भरती झालो, सरहद्दीवर गेलो, एकदा जखमी होऊन दवाखान्यात होतो, तेव्हाही अण्णांनी खाडा केला नव्हता. मायनेच हे मला सांगितलं. तिला वाटलं मला ते ऐकून बरं वाटेल.

पार्थिव घेऊन चंदगडला मी गेलो. सलामी झाली, बिगुल वाजला. गावडेचा मोठा भाऊ शांत माणूस होता. सगळं उरकल्यावर त्याने विचारलं, “देवरे तुम्हीच का?”

“होय.”

“नकाशा म्हटला की बाबू भ्यायचा. पर देवरे बरोबर असला की वाट चुकत न्हाई म्हणायचा. त्याच्यागत डोकं असतं तर म्या आज कुठल्या कुठं असतो, असं म्हणायचा.”

 बाबूची बायको आतल्या दारात उभी होती. तिच्या हातात त्याची कॅप होती. मी सॅल्यूट केला आणि निघालो.

हवालदार मी झालो. जागा एकच निघाली होती आणि आता नायकही एकच उरला होता. पट्टी शिवताना मला आनंद झाला नाही. त्याला मेडल मिळालं. मेजर साहेब बदलून जाताना निरोपाच्या भाषणात त्याच्यावरच बोलले. मी खाली बसून टाळ्या वाजवल्या. माणूस गेला म्हणजे त्याच्याबद्दलचा हेवा जातो असं लोकांना वाटत असेल. माझा गेला नाही. जिवंत माणसाच्या पुढे तरी कधीतरी जाता येतं.

दशक संपत आलं तेव्हा मी पेन्शनवर आलो आणि सुरतेत एका कापड मार्केटमध्ये सिक्युरिटीला लागलो. अण्णांनी लूम सोडला होता. दिवसभर खिडकीपाशी बसायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला जवळ बोलावलं.

“गावडे काय काय सांगे?”

मी सांड्याचं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, बिडी आणायला उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी ऐकायचं म्हणून म्हणाले, “आखो?” मी मुंग्यांचं सांगितलं, की बिळात पाणी शिरलं तर त्या एकमेकींना धरून गोळा करून तरंगतात आणि अंडी मध्ये कोरडी ठेवतात. मग शेपूट टाकून पळणाऱ्या पालीचं. मग उन्हाळाभर चिखलात गाडून घेणाऱ्या बेडकाचं. रोज संध्याकाळी ड्यूटीवरून आलो की ते कान पुढे करायचे. माझ्या तोंडून त्यांना गावडेच हवा होता. तरी ते ऐकत होते आणि मी सांगत होतो. आमच्यात एवढं बोलणं कधीच झालं नव्हतं.

गावडेचं सांगणं कधीतरी संपणारच होतं. ते संपलं तेव्हा मी स्वतः बघायला लागलो. मार्केटच्या मीटरपेटीवर कुंभारमाशी मातीचं घर बांधत होती, ते बघितलं. गच्चीवरच्या खारीने कापसाचे पुंजके कसे नेले ते बघितलं. घरी येऊन सांगायचो, “गावडे सांगायचा...” आणि अण्णा ऐकायचे.

एकदा मी त्यांना कोळ्याचं सांगितलं. उड्या मारून शिकार करणारा छोटा कोळी असतो, जाळं न विणणारा. मार्केटच्या खिडकीवर मी तो आठवडाभर पाहिला होता. उडी मारण्याआधी तो बसल्या जागी एक धागा चिकटवतो. उडी चुकली तर खाली पडत नाही, धाग्याला लोंबतो आणि त्याच धाग्यावरून परत वर येतो.

“असं गावडे सांगायचा,” मी कानाशी म्हणालो.

अण्णांनी कान मागे घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

“हाई गावडेनं नही,” ते म्हणाले. “हाई तुनं शे. खार बी तुनी व्हती. माले समजस.”

 त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. लूमवर काम केलेला, खरखरीत हात.

“हाई गावडेले सांगाले पायजे व्हतं,” अण्णा म्हणाले.

“हो अण्णा,” मी म्हणालो. “सांगायला पाहिजे होतं.”